नेम

शिकारीची म्हणून विकली जाणारी बंदूक घरात आणावयाची आणि शिकार मात्र कधीच करावयाची नाही, हा व्यवहार पुष्कळांना हास्यास्पद वाटेल. आमच्या वडूजमध्ये तर तो वाटलाच. दिवाळीच्या सुट्टीत आम्ही पुण्याहून हवेची बंदूक, लोकांच्या भाषेत छऱ्याची बंदूक, विकत आणली. पेटीवर उडी घेणाऱ्या सशाचे सुरेख चित्र होते. गावात बातमी पसरण्यास एक दिवस पुरला. कोणी विचारले, "गुरुजी, लायसन काढलं का?" कोणी विचारले, "ससं पडतंय का ह्यानं?" आमच्या दहावीतल्या कन्येला नेमबाजी शिकावयाची आहे, हे आमचे उत्तर लोक ऐकून घेत, त्यावर त्यांचा विश्वास बसलेला मात्र दिसत नसे.

कन्येच्या मनात हे बीज पडले ते २०२४ च्या ऑगस्टमध्ये. कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनी पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल प्रकारात कांस्यपदक मिळविले. आमच्या सातारा जिल्ह्यातील गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी १९५२ साली हेलसिंकीला कुस्तीत कांस्यपदक मिळविले होते. त्यानंतर ७२ वर्षांनी महाराष्ट्राच्या वाट्याला असे वैयक्तिक पदक आले. खेड्यातले पोर तिथवर पोहोचते, हे तिने पाहिले आणि हट्ट धरला. स्पर्धेची रायफल लाखांच्या घरात जाते. ती आमच्या आवाक्याबाहेरची. तेव्हा हात बसेपर्यंत ही साधी, स्प्रिंगची बंदूक पुरे, असे आम्ही ठरविले.

परवान्याविषयी सांगावयाचे तर, साडेचार मिलिमीटर नळीच्या आणि २० जूलपेक्षा कमी शक्तीच्या हवाई बंदुकीला २०१६ च्या शस्त्र नियमांनुसार परवाना लागत नाही. परंतु परवाना नाही म्हणजे मोकळीक आहे, असा अर्थ मात्र कोणी काढू नये. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा. त्यातील शिकारीच्या परवान्यांची कलमेच १९९१ च्या दुरुस्तीने गेली. पाखराला मारणे तर सोडाच, मारण्याचा प्रयत्न करणे हीसुद्धा कायद्याच्या भाषेत शिकारच. पेटीवरच्या सशाने आम्हांला भुलविले, तरी खटावच्या माळावरचा ससा आम्हांला वर्ज्य आहे. येथून जवळच मायणीच्या तलावावर थंडीत रोहित पक्षी उतरतात. तो परिसर २०२१ साली संवर्धन राखीव क्षेत्र म्हणून घोषित झाला. ज्या माळावर एकेकाळी शिकारी फिरत, त्याच माळावर आता लोक दुर्बिणी घेऊन येतात.

असो. बंदूक पेटीतून काढली, तेव्हा पहिली जाणीव झाली ती वजनाची. जवळजवळ तीन किलो. दुसरी जाणीव तेलाच्या वासाची. कारखान्यातून येताना नळीत आणि आत तेल राहिलेले असते; ते पुसून न काढता छरे उडविले, तर पहिल्या काही बारांबरोबर धूर निघतो आणि नेमाचा भरवसा राहत नाही. म्हणून पहिली संध्याकाळ चिंध्या आणि सळई घेऊन नळी पुसण्यात गेली. मग दस्त्याचे सगळे स्क्रू बेताने आवळले, कारण स्प्रिंगच्या हिसक्याने ते सैल होत राहतात. नळी खाली वाकवून स्प्रिंग ताणावयाची, छरा बसवावयाचा, नळी पुन्हा सरळ करावयाची. आणि ती वाकलेली असेपर्यंत एक हात तिच्यावरून काढावयाचा नाही, ही शिस्त कन्येने आमच्याआधी आत्मसात केली. रिकाम्या नळीने चाप ओढावयाचा नाही, हेही तिनेच आम्हांला दोनदा बजावले.

परसात दहा मीटर अंतर दोरीने मोजले. दगडी भिंतीवर आपटलेला छरा उलटून डोळ्यांत यावयाचा, म्हणून जुन्या लाकडी खोक्यात वाळू आणि चिंध्या भरून त्यापुढे कागदी लक्ष्य लावले. डोळ्यांना चष्मा सक्तीचा. छरे शिशाचे, तेव्हा सराव झाला की साबणाने हात धुतल्याखेरीज भाकरीला हात लावावयाचा नाही. स्पर्धेच्या हवाई रायफलीच्या लक्ष्यातील दहा गुणांचा ठिपका अवघा अर्ध्या मिलिमीटरचा असतो, हे ऐकून आम्ही थक्क झालो. आमचे पहिले पाच छरे तर कागदावर पाच दिशांना पांगले होते.

आम्ही लगेच मागची माशी फिरवावयास निघालो. कन्येने हात धरला. "पप्पा, आधी पाची छरे एका जागी येऊ द्यात. ती जागा चुकीची असली तरी चालेल. मग माशी फिरवू." तिचे म्हणणे खरे होते. एका छऱ्यावरून काही कळत नाही. पाचांचा पुंजका जमला, की तो जिकडे न्यावयाचा तिकडे मागची माशी सरकवावयाची. पण पुंजकाच जमेना. आम्ही बंदूक जितकी घट्ट धरावी, तितके छरे पांगत. कारण असे, की चाप ओढल्यावर आतला दट्ट्या पुढे धावतो, बंदूक हलते आणि छरा त्यानंतर नळीबाहेर पडतो. तेवढ्या क्षणात बंदुकीला दरवेळी सारखेच हलू द्यावे लागते. घट्ट आवळणारा हात दरवेळी निराळा आवळतो. डावा तळवा नुसता खाली ठेवून बंदूक त्यावर विसावू दिली, तेव्हा कुठे छरे एकमेकांजवळ येऊ लागले. सत्तेची वस्तू हाती आली, की ती आवळून धरावी, असे माणसाला वाटते. ही वस्तू त्याच्या उलट मागत होती.

शेजारच्या आजी भिंतीपलीकडून हे सारे पाहत असत. वडूजला बंदुकीचा विषय निघाला, की तो छऱ्यांपाशी थांबत नाही. ९ सप्टेंबर १९४२ रोजी येथील कचेरीवर तिरंगा लावण्यासाठी मोर्चा आला. पुढे वडगावचे परशुराम घार्गे होते. पोलिसांनी गोळीबार केला आणि घार्ग्यांसह नऊ जण हुतात्मा झाले. आजी तेव्हा पाळण्यात होत्या. पण त्यांनी त्या दिवसाची गोष्ट आईच्या तोंडून इतक्यांदा ऐकली आहे, की स्वतः पाहिल्यासारखी त्या सांगतात. कन्येला त्या एवढेच म्हणाल्या, "पोरी, नेम कुटं हाय ते मागनं बघ. तोंड कुनाकडं हाय ते आदी बघ." नेमबाजीच्या कोणत्याही पुस्तकातला पहिला नियम तोच असतो.

खरी कसोटी लागली ती जानेवारीत. शाळू हुरड्यात आला आणि पोपटांचे थवे उतरू लागले. पहाटे मोरही येत. पूर्वी मचाणावर बसून गोफणीने राखण करीत. आता राखणीला माणूस मिळत नाही. शेतशेजारी तात्या एके सकाळी दारात आले. "गुरुजी, दोन दिस बंदूक द्या. चार पाडली की बाकीची फिरकत न्हाईत." तात्यांचे नुकसान खोटे नव्हते. कणसांचे दाणे गेलेले आम्ही डोळ्यांनी पाहिले होते. आणि अडीअडचणीला तात्यांनी आम्हांला कधी नाही म्हटलेले नाही. वसईहून नोकरीसाठी आलेल्या आमच्या घराला पहिल्या वर्षी पाण्याच्या टंचाईत त्यांच्याच विहिरीने तारले होते.

आम्ही नकार दिला. कायदा सांगितला, मोर राष्ट्रीय पक्षी आहे हे सांगितले. तात्या म्हणाले, "कायदा माज्या रानात राखणीला येतो का?" त्यावर आमच्यापाशी उत्तर नव्हते. कन्या मात्र म्हणाली, "तात्या, बंदूक नाही येणार. मी येते." पुढचे आठ दिवस पहाटे आम्ही तिघेही पत्र्याचे डबे घेऊन त्यांच्या बांधावर होतो. पाखरे उडाली, पुन्हा आली, पुन्हा उडविली. सारे दाणे काही वाचले नाहीत, आणि तात्यांची नाराजी पुरती गेली असेही म्हणवत नाही. पण चौथ्या दिवशी त्यांनी कन्येला गोफण कशी फिरवावयाची ते शिकविले.

शिकाऱ्यांचे आश्रयदाते संत ह्युबर्ट यांची आख्यायिका अनेकांना ठाऊक असेल. रानात हरणाचा पाठलाग करताना त्याच्या शिंगांमध्ये त्यांना क्रूस दिसला आणि त्यांचा हात थांबला. शिकारीचा संत शिकार थांबल्याच्या क्षणामुळे संत झाला, ही गोष्ट आम्हांला लहानपणी नुसती चमत्काराची वाटे. आता आमच्या लक्षात येते, की आपल्या मराठीत 'नेम' या शब्दाचे अर्थ दोन आहेत. नेम धरावयाचा असतो, आणि नेम पाळावयाचाही असतो.

सध्या बंदूक कपाटात कुलपात असते, छरे दुसऱ्या खोलीत, आणि किल्ली कन्येच्या आईजवळ. रविवारी मिस्सा आटोपून आलो, की परसात तासभर सराव चालतो. गेल्या आठवड्यात तिच्या पाच छऱ्यांवर रुपयाचे नाणे ठेवले, तेव्हा पाचही झाकले गेले. तात्या ते पाहावयास आले होते. त्यांनीही पाच बार काढले, चष्मा लावून. एकही छरा काळ्यात गेला नाही. "ह्याच्यापरीस गोफण बरी," म्हणत त्यांनी बंदूक, तोंड जमिनीकडे करून, कन्येच्या हाती परत दिली.