एक शीर्षक, तीन महाराष्ट्र

एकाच शीर्षकाच्या दोन कविता समोर आल्या की आधीची कोणाची, असे वाचक सहसा विचारतो. आम्हांस या प्रश्नाचे फारसे अगत्य नाही. तेच नाव घेऊन दुसऱ्या कवीने वेगळे काय पाहिले, हे शोधणे अधिक फलदायी वाटते. ‘महाराष्ट्रगीत’ हे शीर्षक त्या दृष्टीने तपासण्याजोगे आहे. श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांचे ‘महाराष्ट्रगीत’ आणि त्यांना गुरू मानणाऱ्या गोविंदाग्रजांचे ‘श्रीमहाराष्ट्रगीत’ सर्वपरिचित आहेत. राजा बढे यांच्या ‘जय जय महाराष्ट्र माझा’ या गीतालाही लोकांनी महाराष्ट्रगीतच मानले. १९ फेब्रुवारी २०२३ पासून त्यातील दोन कडवी राज्यगीत म्हणून गायिली जातात.

गडकरी १९१९ साली गेले, कोल्हटकर १९३४ साली. राज्य स्थापन झाले १ मे १९६० रोजी. म्हणजे पहिल्या दोघांसाठी महाराष्ट्र ही भाषेची आणि स्मृतीची भूमी होती, नकाशावरचे राज्य नव्हे. वकिली केलेल्या कोल्हटकरांचे गीत युक्तिवादासारखे चालते. इतर देश सुंदर असोत, संपन्न असोत. येथल्या घोड्यांनी अटकेला पाणी प्यायल्यावर नद्या-जलाशयांवाचून अडते कुठे, असा त्यांचा सवाल. पुढे ‘अटक’ या शब्दावर कोटी करण्याचा मोहही त्यांना आवरत नाही. गडकरी वाद घालत नाहीत. ते भूमीला थेट हाक मारतात, दगड आणि फुले, करवंदीचे काटे आणि बकुळ एकाच प्रणामात गोवतात. बढ्यांच्या गीतात घोडे पुन्हा येतात, पण आता यमुनेवर. आणि कोल्हटकरांनी ज्यांची गरज नाकारली त्या नद्या येथे एकेका नावाने येतात. श्रीनिवास खळे यांची चाल आणि वाई तालुक्यातील पसरणीच्या शाहीर साबळ्यांचा आवाज यांनी ती नावे घरोघर पोहोचवली.

त्या नावांत कोयना आहे, आणि आम्ही पाटणचे. शाळेत हे गीत म्हणताना त्या शब्दाशी आमच्या वर्गाचा आवाज चढत असे, हे आजही आठवते. बढ्यांनी कृष्णेला लागूनच कोयना ठेवली आहे. कराडच्या प्रीतिसंगमावर त्या समोरासमोर येऊन मिळतात, हे आम्हांस कोणी समजावून सांगावे लागले नाही.

पाटणमध्ये बसून वाचले की तिन्ही गीतांचे अर्थ मात्र सरकतात. जलाशयावाचून अडत नाही, हा कोल्हटकरांचा अभिमान शिवसागराच्या काठावर निराळाच ऐकू येतो. १०५ टीएमसीचा हा जलाशय राज्याला हवा होता. त्याचे पाणी बोगद्यांतून सह्याद्रीपलीकडे पोफळीला गेले, तेथे वीज झाली, आणि मग ते वाशिष्ठीला मिळाले. गडकऱ्यांनी वंदिलेला दगड ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे भूकंपात घराघरांतून कोसळला. झोपलेली माणसे त्याखाली गेली. आणि बढ्यांची कोयना? तिच्या काठची गावे पाण्याखाली गेली आणि तेथली माणसे ठाणे, रायगड, सोलापूर, सांगली अशा जिल्ह्यांत पांगली. पुनर्वसनाच्या मागण्यांसाठी त्यांना पुढे अनेक दशके भांडावे लागले.

येथे सर्वनामांकडे लक्ष द्यावेसे वाटते. कोल्हटकरांचा देश ‘आमचा’ आहे, गडकरी भूमीशी समोरासमोर बोलतात, बढ्यांचा महाराष्ट्र ‘माझा’ आहे. धरणग्रस्ताने ‘माझा’ म्हणताना काय म्हणायचे? ज्या नदीचे नाव त्याच्या तोंडी आहे, तिच्याचसाठी त्याला गाव सोडावे लागले. तरी तो हे गीत गातो, आणि आमच्या अनुभवात मोठ्याने गातो. त्याला भाबडेपणा म्हणून मोडीत काढू नये. ज्या राज्यासाठी घर दिले ते आपलेही आहे, असा हक्क त्या ‘माझा’त आम्हांस ऐकू येतो.

वर्गात ही गीते शिकवताना आपण अलंकार आणि वीररस सांगून थांबतो. तिन्ही शेजारी ठेवून, आपल्या गावचा दगड, आपल्या गावची नदी त्यांत कुठे सापडते, असे विद्यार्थ्यांना विचारून पाहावे. पाटणच्या वर्गातले उत्तर चिपळूणच्या वर्गात मिळणार नाही. तिकडे तेच पाणी वाशिष्ठीचे होऊन आलेले असते.