अर्ध्या मिलिमीटरचा भीम

आमच्या एरंडोलला जुनी माणसे एकचक्रानगरी म्हणतात. भीमाने बकासुराला लोळवले ते जवळच्या पद्मालयाच्या रानात, अशी इकडची श्रद्धा. गावात पांडववाडा उभा आहे. मग पुरावा मागण्याचे धाडस कोण करील? मला मात्र अलीकडे वाटते, बकासुर मेलाच नाही. तो कपाशीच्या बोंडात जाऊन बसला.

त्याचे आजचे नाव गुलाबी बोंडअळी. भडोचच्या कपाशीवरील नमुन्यांवरून सॉन्डर्सने 1843 साली तिचे शास्त्रीय वर्णन केले. 2002 मध्ये बीटी कापूस आला तेव्हा शेतकऱ्याने निःश्वास टाकला. 2017 पर्यंत महाराष्ट्रातल्या अळीने तेही विष पचवले. एकदा बोंडात शिरली की फवारा तिच्यापर्यंत पोचत नाही.

आता भीमाची ओळख करून देतो. उंची सुमारे अर्धा मिलिमीटर, डोळे लाल, पावलाला तीनच पेरी. पंखांवर बारीक केसांच्या रांगा. त्यांवरूनच वेस्टवूडने 1833 मध्ये या गांधीलमाशीच्या कुळीला ‘ट्रायकोग्रामा’, म्हणजे केसांची रेघ, असे नाव दिले. नराच्या मिशा लांब केसाळ, मादीच्या आखूड आणि टोकाला गदेसारख्या. गदा इथेही सुटली नाही! मादी पतंगाच्या अंड्यात आपले अंडे घालते. ते अंडे काळे पडते आणि आठ-दहा दिवसांनी त्यातून अळीऐवजी माशीच बाहेर येते. राक्षस जन्मण्यापूर्वीच संपतो.

पण या भावंडांत ओळख पटणे महाकठीण. नागराज आणि सुधा नागरकट्टी यांनी 1971 मध्ये दाखवून दिले, की नराच्या जननेंद्रियांची ठेवण पाहिल्याखेरीज जात ठरत नाही. आपल्याकडे वर्षानुवर्षे ‘ऑस्ट्रॅलिकम’ म्हणून वावरणारी माशी ही इशीने 1941 मध्ये वर्णिलेली ‘चिलोनिस’ निघाली. बोंडअळीवर सोडतात ती तिची चुलतबहीण ‘बॅक्ट्री’. तिचे नामकरणही नागराजांचेच. हा नुसता पंडितांचा खेळ नव्हे. कोणती माशी कोणत्या अंड्यावर बसते हे नावावरून कळते, आणि नाव चुकले तर शेतकऱ्याच्या हाती भलतेच कार्ड पडते.

माझ्या मामेभावाने यंदा अशी कार्डे आणली. एका कार्डावर वीसएक हजार अंडी, पानामागे टाचायची. अट एकच : फवारणी थांबवायची, कारण विषाला भीम आणि बकासुर सारखेच. तो म्हणाला, “भाऊ, कुंतीला निदान आपला भीम दिसत तरी होता. मला जे दिसतच नाही, त्यावर वर्षाचा घास कसा सोपवू?”

माझ्याजवळ उत्तर नव्हते. मी भिंग दिले. त्याने एका काळ्या अंड्याकडे बराच वेळ पाहिले आणि अर्ध्या शेतात कार्डे लावली. पंप ओसरीवर भरून ठेवला आहे. उरलेल्या अर्ध्यासाठी, असे तो सांगतो.