फाइलची तारीख आणि कागदाची तारीख

यंदा प्रवेशाच्या दिवसांत एका शिक्षण संस्थेच्या संकेतस्थळावर सूचनांची यादी उलटसुलट झाली. गेल्या वर्षीचं शुल्कपत्रक सगळ्यात वर आलं आणि पालक तेच छापून घेऊन आले. मला फोन आला तो ‘तुमचा प्रोग्राम बिघडलाय’ असा. प्रोग्राम ठणठणीत होता. दिवाळी अंकासाठी ‘संगणकावर सोपं काहीतरी’ मागितलं गेलं, तेव्हा डोक्यात हेच घोळत होतं.

फोल्डरमधल्या फाइली तारखेनुसार लावणं हे पीएचपी भाषेत फार तर दहा ओळींचं काम. ‘स्कॅनडिर’ फाइलींची नावं देतं, पण वर्णक्रमाने. मग ‘फाइलएमटाइम’ला प्रत्येक फाइल शेवटची कधी बदलली ते विचारायचं. उत्तर येतं ते सेकंदांत, ग्रिनिच प्रमाणवेळेनुसार १ जानेवारी १९७०च्या मध्यरात्रीपासून मोजलेलं. हे आकडे एकदाच गोळा करून ठेवावेत. क्रम लावताना दर तुलनेला डिस्कला विचारत बसू नये. मोठा आकडा वर, की झालं. दोन फाइलींचा सेकंद एकच असेल तर? २०२० साली आलेल्या पीएचपी ८.० पासून अशा जोडीचा मूळ क्रम टिकतो; त्याआधी तशी हमी नव्हती.

आता ज्यावर मी गेली कित्येक वर्षं वाद घालतो आहे तो मुद्दा. लोकांना हवी असते फाइल ‘तयार झाल्याची’ तारीख, आणि त्यासाठी ते ‘फाइलसीटाइम’ वापरतात. त्यातला ‘सी’ त्यांना निर्मितीचा वाटतो. लिनक्सवर तो बदलाचा आहे, आणि तोही मजकुराच्या नव्हे, फाइलच्या नोंदीच्या बदलाचा. फाइलची परवानगी बदला, मालक बदला, आतलं एक अक्षरही न हलता ही तारीख पुढे सरकते. विंडोजवर मात्र हेच फंक्शन खरोखर निर्मितीची तारीख देतं. म्हणून हा गैरसमज मरत नाही. मुलं विंडोजच्या लॅपटॉपवर करून बघतात, बरोबर येतं, आणि लिनक्सच्या सर्व्हरवर चढवल्यावर यादी फसते. हे शिकवणाऱ्यांनी तरी सांगायला हवं. सांगत नाहीत याचा मला मनापासून राग येतो.

संस्थेत झालं ते याहून साधं होतं. संकेतस्थळ नव्या सर्व्हरवर हलवलं, तेव्हा फाइली जुन्या तारखा न राखता कॉपी झाल्या. लिनक्सची ‘सीपी’ आज्ञा वेगळं सांगितल्याशिवाय जुनी तारीख जपत नाही. सगळ्या सूचनांना त्या एका दुपारची तारीख लागली आणि ज्या क्रमाने फाइली उतरल्या, तोच यादीचा क्रम ठरला. कचेरीत काम केलेल्या माणसाला हे लगेच कळावं: पत्रावरची तारीख वेगळी, आवक शिक्क्याची वेगळी. संगणकाला फक्त शिक्का दिसतो. कागदावर काय लिहिलंय ते त्याला कुणी सांगितलेलंच नसतं.

महाराष्ट्र शासनाच्या निर्णयांवर एक लांबलचक संकेतांक असतो, त्याचे पहिले आठ आकडे म्हणजे वर्ष, महिना, दिवस. मला ही पद्धत फार आवडते. फाइलच्या नावाची सुरुवातच अशी केली की वर्णक्रम हाच कालक्रम होतो आणि सर्व्हर कितीदा बदलला तरी यादी ढळत नाही. मी संस्थेला हेच सुचवलं. ‘नावं लांब होतात, बरी दिसत नाहीत’ असं उत्तर आलं. मुलांचे प्रवेश ज्या कागदांवर ठरतात त्यांच्या बाबतीत नाव बरं दिसण्याचा विचार कुणाच्या मनात यावा, हे मला अजून पटत नाही.

शेवटी संस्था तयार झाली. पण जुन्या सूचना स्कॅन केलेल्या आहेत; त्यांवरच्या तारखा, काही तर हाताने लिहिलेल्या, एकेक फाइल उघडून माणसालाच वाचाव्या लागतील. ते काम कार्यालयातल्या दोन कारकुनांकडे आलं आहे. परीक्षेच्या धामधुमीत ते त्यांच्यावर लादू नका, एवढं मी कळवलं आहे.