बाबांचा सी ड्राइव्ह

‘डेटा आहे ना? मग टेन्शन नाही.’ कुणाचा संगणक बंद पडला की आम्ही सॉफ्टवेअरवाले हे वाक्य सहज टाकतो. फोनच्या बाबतीत ते बरंचसं खरं असतं. जुना हँडसेट गेला, नव्यात लॉगिन केलं, फोटो आणि चॅट परत. पण नागपुरात महाल भागात बाबांचं डीटीपीचं दुकान आहे आणि तिथे हे वाक्य चालत नाही.

दुकानातला संगणक २००६ चा. विंडोज एक्सपी, पेजमेकर ७ आणि मराठी फाँटचं एक सॉफ्टवेअर. या सॉफ्टवेअरचं कुलूप म्हणजे मागच्या प्रिंटर पोर्टला लावलेला बोटभर लांबीचा प्लास्टिकचा तुकडा. तो नसेल तर सॉफ्टवेअर उघडत नाही. गेल्या दिवाळीनंतर, तुळशीचं लग्न तोंडावर असताना, या संगणकाचा मदरबोर्ड गेला. कपॅसिटर फुगून वर आले होते. हार्ड डिस्क मात्र ठणठणीत. तिच्यात इतक्या वर्षांच्या लग्नपत्रिका, शोकपत्रिका, वास्तुपूजनाची कार्डं, शाळांच्या प्रश्नपत्रिका. ‘दादाच्या पत्रिकेसारखीच पाहिजे’ म्हणत येणाऱ्या गिऱ्हाइकांवर दुकान चालतं. लग्नसराई हातची गेली असती, तर बाबांनी शटर कायमचं ओढलं असतं. तसं ते बोललेही होते.

मी डिस्क काढून लॅपटॉपला जोडली. फायली सगळ्या दिसल्या. एकीतला मजकूर बाहेर काढून पाहिला, तर इंग्रजी अक्षरं, कंस आणि टक्क्यांच्या चिन्हांची खिचडी.

यात बिघाड काही नव्हता. त्या काळच्या मराठी फाँटांची युक्तीच तशी होती. संगणकाला वाटतं आपण इंग्रजी अक्षर साठवतोय, आणि फाँट त्याच्या जागी मराठी आकार काढतो. कुठल्या अक्षराच्या जागी मात्रा आणि कुठल्या जागी अर्धा ‘श’, हे प्रत्येक कंपनीचं वेगळं. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकची श्रीलिपी, सी-डॅकचं आयएसएम, सगळ्यांच्या आपापल्या वाटण्या. युनिकोडमध्ये देवनागरी १९९१ पासून आहे, पण २००१ मध्ये आलेल्या पेजमेकरच्या शेवटच्या आवृत्तीलाही युनिकोड कळत नव्हतं. म्हणजे बाबांच्या डिस्कवर ‘चि. सौ. कां.’ असं कुठेच लिहिलेलं नाही. त्या फाँटच्या चष्म्यातून पाहिलं तरच ते दिसतं. नुसता फाँट कॉपी केला तर जुनं वाचता येईल, पण नवीन टाइप करायला सॉफ्टवेअर लागणार, आणि त्याची इन्स्टॉलची सीडी केव्हाच खराब झालेली.

म्हणून फायली नाही, सगळं बिऱ्हाडच हलवायचं ठरलं. डिस्क दुसऱ्या संगणकात लावायची आणि तीच विंडोज तिथे उठवायची.

व्हर्च्युअल मशीन का नाही, असं तुम्ही विचाराल. कुलूप प्रिंटर पोर्टचं होतं, आणि तो पोर्ट आभासी मशीनला नीट दाखवणं ही वेगळीच कटकट. तेव्हा पंचवीस पिनांचा खराखुरा पोर्ट असलेला जुना डेस्कटॉप शोधत बर्डीवर फिरलो. एका दुकानदाराने विचारलं, “भाऊ, हा पोर्ट पाहून वर्षं झाली. तुम्हाला काहून पाहिजे?” चौथ्या दुकानात मिळाला.

डिस्कची आधी पूर्ण प्रत काढली, मग प्रत लावून चालू केलं. एक्सपीचा लोगो आला आणि लगेच निळा पडदा, त्यावर कोड, शेवटी ‘७बी’. साध्या मराठीत त्याचा अर्थ, ‘मला माझी डिस्कच सापडत नाही.’ विंडोजला सुरू होताना सगळ्यात आधी डिस्कपर्यंत पोचावं लागतं. त्यासाठी डिस्क सांभाळणाऱ्या चिपचा ड्रायव्हर लागतो. इन्स्टॉल होताना एक्सपी फक्त समोर असलेल्या चिपची नोंद करून ठेवते. नव्या मशीनची चिप तिच्या ओळखीची नाही. ड्रायव्हर डिस्कवर असला तरी डिस्क वाचायलाच तो हवा. चावी घरात राहिली आणि दार ओढलं गेलं, असा प्रकार.

लिनक्सचं तसं नसतं. ते दर वेळी उठल्यावर आजूबाजूला काय आहे ते पाहतं आणि लागेल तो ड्रायव्हर घेतं. आपल्याकडे १९५३ च्या नागपूर करारामुळे दर हिवाळ्यात मुंबईचं सरकार फायलींसकट इथे येतं आणि कामाला लागतं, साधारण तसं.

एक्सपीला बाहेरून हात द्यावा लागतो. नव्या मशीनच्या बायोसमध्ये डिस्कचा मोड एएचसीआयवरून जुन्या आयडीईवर आणला. मग डिस्क लॅपटॉपला लावून तिच्यातली रजिस्ट्री उघडली आणि सर्वसाधारण आयडीई ड्रायव्हरची नोंद घातली. या वेळी डेस्कटॉप आला. चित्रं ढोबळ, आवाज नाही, आणि ‘नवीन हार्डवेअर सापडलं’ असे निरोप एकामागे एक. शिवाय एक इशारा: सुटे भाग फार बदललेत, तीन दिवसांत पुन्हा ॲक्टिव्हेट करा. बाबांनी तेव्हा विंडोज डब्यातली, पक्क्या बिलाची घेतली होती. मशीनसोबत आलेली असती, तर तिचं लायसन्स त्या मशीनबरोबरच संपलं असतं. डबा गल्ल्याच्या खणात सापडला.

आजची विंडोज याबाबतीत पुष्कळ शहाणी आहे. डिस्क हलवली तर बहुतेक वेळा ती स्वतःच ड्रायव्हर जुळवून घेते. पण तिचा अडसर वेगळा आहे. बिटलॉकर चालू असेल, तर डिस्कची किल्ली जुन्या मदरबोर्डवरच्या चिपमध्ये राहते आणि नवं मशीन ४८ अंकी रिकव्हरी की मागतं. तुमची कुठे आहे, ते आजच पाहून ठेवा.

कुलूप लावलं, सॉफ्टवेअर उघडलं. बाबा खुर्चीवर बसले आणि कीबोर्डकडे न पाहता ‘श्री गणेशाय नमः’ टाइप केलं. मला तेव्हा दिसलं, की त्या फाँटची वाटणी त्यांच्या बोटांतही इन्स्टॉल झालेली आहे. ती दुसरीकडे हलवायला कुठला ड्रायव्हर नाही. पासष्टीच्या माणसाला ‘आता युनिकोड शिका’ म्हणणं सोपं आहे. लग्नसराईत रोज चार पत्रिका काढणं तितकं सोपं नाही.

त्या संगणकाला इंटरनेट जोडलेलं नाही. एक्सपीचे सुरक्षा अपडेट ८ एप्रिल २०१४ ला थांबले, म्हणून तो एकटाच राहणार. आणि डिस्कही कधीतरी जाणारच. प्रती आहेत, पण त्या उघडणारं मशीन दर वेळी बर्डीवर मिळेलच असं नाही. म्हणून रविवारी आम्ही दोघं जुन्या पत्रिका युनिकोडमध्ये आणतो. कन्व्हर्टर सगळं बरोबर करत नाही. जुन्या फाँटमध्ये अक्षरं दिसतात त्या क्रमाने साठवलेली, युनिकोडमध्ये उच्चाराच्या क्रमाने. त्यामुळे पहिली वेलांटी आणि रफार हमखास शेजारच्या अक्षरावर जाऊन बसतात. मी कोड दुरुस्त करतो, बाबा चष्मा नाकावर ओढून प्रूफ पाहतात.

“इकडे पाय,” ते परवा म्हणाले, “आशीर्वादातला रफार घसरून राहिला.”