धाकट्या याकोबाचा पाय

पौराणिक मालिकांवर वाढलेल्या माणसाला 'द चोझन' सुरुवातीला जरा अळणीच लागते. देव प्रकटला तरी शंख वाजत नाही, डोक्यामागे चक्र फिरत नाही, एकाच चेहऱ्यावर तीन-तीनदा कॅमेरा झेपावत नाही. पहिल्या भागात येशू येतो तो पार शेवटाला, तोही थोड्याच वेळासाठी. तिसऱ्या भागात तो गावाबाहेर राहुटी ठोकून सुतारकाम करतो आणि आसपासच्या पोरांशी गप्पा मारतो. बाकी काही घडत नाही. मला तोच भाग सगळ्यात आवडला.

डलस जेन्किन्स या अमेरिकन दिग्दर्शकाची ही मालिका २०१९ साली आली. पहिल्या सीझनसाठी एक कोटी डॉलरच्या वर रक्कम सामान्य प्रेक्षकांकडून जमवली गेली. माझ्या फोनमध्ये तिचं अ‍ॅप टाकलं ते माझ्या रूममेटने. ती वसईची, कॅथलिक. मी एकादशीला साबुदाण्याची खिचडी खाणाऱ्या घरातली. रात्री मेसचं जेवून आलं की तिच्या कॉटवर एक भाग, असा आमचा नेम झाला. मध्येच ती म्हणायची, "हे बायबलमध्ये नाहीये हं." पेत्राच्या डोक्यावरचं कर्ज, मत्तयचं नजर न मिळवता हिशेबात बोलणं, हे सगळं लेखकांनी रचलेलं. (मत्तयचं काम करणारा पारस पटेल भारतीय वंशाचा आहे, हे कळल्यावर आम्हाला उगीचच आनंद झाला.)

पहिल्याच सीझनमध्ये एक शिष्य मागेमागे दिसायला लागला. धाकटा याकोब. शुभवर्तमानांत त्याच्याविषयी नावापलीकडे जवळजवळ काही नाही. इथे मात्र तो लंगडतो. हातात काठी. जॉर्डन वॉकर रॉस या नटाला खरोखरच सेरेब्रल पाल्सी आणि पाठीच्या कण्याचा बाक आहे. ते लपवण्याऐवजी मालिकेने ते पात्रालाच देऊन टाकलं. तो पहिल्यांदा चालताना दिसला तेव्हाच मला कळलं. नाटकातलं लंगडणं वेगळं असतं. नट पाय ओढतात. आम्ही पाय ओढत नाही, तोल सांभाळतो.

आम्ही म्हणजे मीसुद्धा. जन्मताना प्राणवायू कमी पडला, डावा पाय तेव्हापासून असा आहे. घरच्यांनी काही कमी केलं नाही. मालिश, फिजिओ, गुरुवार, नवस. मी सात वर्षांची असताना आजी मला सप्टेंबरच्या जत्रेत बांद्र्याच्या मोत माउलीला घेऊन गेली. तिथे मेणाचे हात, पाय, डोळे, बाळं, घरंसुद्धा मिळतात. जे हवं ते वाहायचं. आजीने पाय घेतला. गर्दीत तो वितळू नये म्हणून पदराखाली धरला होता. पाय उजवा की डावा हे साच्यावरून कळेना, म्हणून तिने विक्रेत्याशी हुज्जत घातली, ते मला आजही लख्ख आठवतं.

त्यामुळे अशा गोष्टींत आमच्यासारख्यांचं काम काय असतं, ते मला पाठ आहे. बरं होणं. बेथेस्दाच्या तळ्याकाठचा माणूस अडतीस वर्षं आजारी असतो, येशू सांगतो, तो उठून चालतो. हिंदी सिनेमात कुबडी फेकून पळत सुटतात, घंटा वाजतात. आणि मी पडद्यासमोर बसलेली, तशीच.

म्हणून तिसऱ्या सीझनचा दुसरा भाग. येशू बारा शिष्यांच्या जोड्या लावतो आणि त्यांना गावोगाव पाठवतो, आजाऱ्यांना बरं करण्याचा अधिकार देऊन. सगळे पांगल्यावर धाकटा याकोब त्याला गाठतो. मला तुम्ही बरं केलेलं नाही, मग मी दुसऱ्यांना कसं बरं करणार, अशा अर्थाचं काहीतरी अडखळत विचारतो. रूममेटने पॉज केलं. मी म्हटलं, चालू दे.

उत्तर लांब आहे. बरं न होताही विश्वास सोडला नाही, अशा माणसाची गोष्ट जास्त मोलाची, असा त्याचा रोख. रूममेटचे डोळे भरून आले. मला निम्मंच पटलं. 'तुझ्याकडे बघून आम्हाला बळ येतं' हे मी शाळेच्या गॅदरिंगपासून ऐकत आलेय, आणि कुणाच्या बळासाठी मला हा पाय नको आहे. येशूच्या तोंडी घातलं तरी ते वाक्य मला टोचतं. पण याकोबाने ते विचारलं. देवाच्या तोंडावर, रडत, तरी सरळ. माझ्या घरात हा प्रश्न कुणी कधी उच्चारला नाही. नवस बोलायचा, फेडायचा, आणि फळ नाही आलं तर पुढच्या देवाकडे जायचं. आणि लेखकांनी त्याला पुढच्या भागात बरं करून टाकलं नाही. तो लंगडतच राहिला. त्यासाठी मी त्यांचं ते उत्तर निम्मं माफ केलं.

रविवारी आजीचा फोन आला तेव्हा मी तिला हे सगळं सांगितलं. तिने मन लावून ऐकलं.

"मग केला का बरा त्याला?"

"नाही."

"आणि तरी त्याला पाठवला?"

"हो. गावोगाव. दुसऱ्यांना बरं करायला."

थोडा वेळ नुसता पंख्याचा आवाज येत राहिला. मग तिने विचारलं, "तिकडं चढ फार आहेत का गं?"