माजरीची वाट आणि ताडपत्रीखालचे पाणी

नागपूरहून बल्लारपूरकडे जाणाऱ्या गाडीत बसलात, की वरोऱ्याच्या पुढे माजरी जंक्शन लागते. येथून एक फाटा वर्धा नदी ओलांडून वणीकडे व पुढे आदिलाबादला जातो. एका अंगाला कोळसा खाणींचे मातीचे ढिगारे, दुसऱ्या अंगाला काळ्या रानातली पांढरी पराटी, असा हा मुलूख आहे.

थंडीत येथे पहाटे उतराल, तर डब्याची बंद खिडकी आतून ओली दिसेल. बाहेर पावसाचा टिपूस नसतो. दाटीने बसलेल्या माणसांच्या श्वासातली वाफ गार काचेला लागते आणि तिचे पाणी होते. हाच प्रकार कापसाच्या ट्रॉलीतही होतो. फरक एवढाच, की तेथे तो खिशाला भोवतो.

वणीला नाहीतर वरोऱ्याला माल न्यायचा म्हणून ट्रॉली आदल्या संध्याकाळी भरतात. प्लॅस्टिकची ताडपत्री चहूबाजूंनी आवळतात आणि राखणीला कोणीतरी तिच्याखालीच निजतो. कापसातला ओलावा आणि माणसाचा श्वास आत कोंडतो. पहाटे ताडपत्री गारठली, की भाताच्या झाकणासारखे तिला आतून थेंब धरतात व वरचा थर भिजतो. आतून कोळशाची धूळ बसलेली असेल, तर डागही पडतात.

हमीभावाच्या सरकारी खरेदीत ८ टक्के ओलाव्यापर्यंत पूर्ण भाव मिळतो. १२ टक्क्यांपर्यंत त्या प्रमाणात कपात होते; त्यापुढे माल घेत नाहीत. घरून कोरडा निघालेला कापूस वाटेतच ओला झाला, तर दोष कोणाला द्यावा?

म्हणून दवात वेचलेला कापूस उन्हात चांगला वाळवूनच भरा. ताडपत्री आतून पुसून घ्या. ती कापसाला चिकटू देऊ नका. आडव्या बांबूंवर उचलून धरा. माथा झाका, पण पुढून-मागून वीतभर फट ठेवा, म्हणजे वारा खेळेल. मधे जुने स्वच्छ सुती लुगडे पसरा. थेंब तेच पिईल. राखणदाराने खाट बाजूला टाकावी. ऊब यावी म्हणून कंदील किंवा शेगडी मात्र ट्रॉलीत कधीच नेऊ नका. वाफ वाढते आणि आगीचे भय निराळेच.

ऊन वर आल्यावर ताडपत्री काढा, कापूस हलवा आणि मगच काट्याकडे चला.