वाऱ्याच्या तोंडावर

आमच्या बुलढाणा जिल्ह्यात खारं पाणी म्हटलं की लोणारचं सरोवर. बाकी समुद्र भूगोलाच्या पुस्तकात. तरी मी जहाज हाकलं आहे. 2007 च्या सुमारास, चिखलीच्या एका सायबर कॅफेत, मागच्या कोपऱ्यातल्या कॉम्प्युटरवर. खेळाचं नाव ‘सिड मायर्स पायरेट्स’. मूळ खेळ 1987 चा, कमोडोर 64 या जुन्या यंत्रासाठी केलेला. आम्ही खेळायचो ती 2004 सालची नवी आवृत्ती. सीडी कुणीतरी कुणाच्यातरी सीडीवरून उतरवलेली. चाच्यांचा खेळ चाचेगिरी करूनच मिळवला होता, आणि त्यात काही विनोद आहे हे तेव्हा एकाच्याही लक्षात आलं नाही.

ते दिवस लोडशेडिंगचे. यूपीएस किंचाळायला लागला की कॅफेवाला गल्ल्यावरून ओरडायचा, “सेव्ह करा रे, सेव्ह करा!” मी एकदा स्पॅनिश गॅलियन जहाजाच्या पाठीवर होतो, तोफा भरलेल्या, आणि पडदा काळा झाला. ते गॅलियन मला पुन्हा कधी दिसलं नाही.

खेळ कॅरिबियन समुद्रातला. इंग्रज, फ्रेंच, डच, स्पॅनिश यांपैकी कुणाचीही बाजू घ्या, 1600 पासून 1680 पर्यंत वीस-वीस वर्षांच्या टप्प्यांतलं साल निवडा आणि निघा. जहाजं लुटा, गावांवर चाल करा, दारूच्या गुत्त्यात बसून खजिन्याच्या नकाशाचे तुकडे विकत घ्या. पण मला त्यात धरून ठेवलं ते वाऱ्यानं. तिथला वारा बहुतेक वेळ पूर्वेकडून पश्चिमेला वाहतो. पश्चिमेला जायचं तर जहाज आपसूक पळतं. परत यायचं म्हटलं की नाकीनऊ. वारा थेट तोंडावर घेतला तर जहाज जागीच कुंथतं. मग थोडं उत्तरेला, थोडं दक्षिणेला, असं नागमोडी चढत जावं लागतं. हे मला कुणी समजावून सांगावं लागलं नाही. खळ्यावर तिपाईवर उभं राहून उपणताना वडील आधी चिमूटभर भुसा हवेत सोडून पाहायचे. वारा पडला की सगळी माणसं हात बांधून बसायची, आणि रात्री दोनला सुटला तर दोनला उठायची. समुद्र न पाहिलेल्या पोराला त्या खेळातलं शीड लगेच कळलं.

दुसरी मोठी गोष्ट खलाशांची. ते राबतात, लढतात, पण लूट वाटायला उशीर झाला की कुरकुरतात. आणखी ताणलं तर बंदरात उतरून निघून जातात. वाटणी केली की टोळी मोडते, कप्तानाचं वय वाढतं. म्हातारा होत गेलेल्या कप्तानाचा तलवारीचा हातही जड होतो. बहुतेक खेळांत नायक कायमचा पंचविशीत असतो. इथे गुडघे दुखायच्या आत काय ते कमवून घ्यावं लागतं. हिशेबाचं इतकं खरं गणित मी दुसऱ्या कुठल्याही खेळात पाहिलेलं नाही.

मग मी नोकरीला लागलो, कॅफेच्या जागी मोबाइलचं दुकान आलं, आणि ते सगळं विसरून गेलो. गेल्या दिवाळीत बहिणीकडे, सिंदखेडराजाला, गेलो तेव्हा खेळ रीतसर विकत घेऊन लॅपटॉपवर टाकला होता. आठवीतल्या भाचीला म्हटलं, ये, जहाज चालवू. पहिलीच अडचण अशी की तलवारबाजी आणि नाच, दोन्ही कीबोर्डच्या उजव्या बाजूच्या आकड्यांवर चालतात, आणि माझ्या लॅपटॉपला ते आकडेच नाहीत. जालन्याहून आकड्यांचा वेगळा छोटा कीबोर्ड आणवला.

तिनं सुरुवातीला स्वतःचं नाव टाइप केलं. पडद्यावर त्या नावाचा पुरुष चालत आला.

“मामा, मला पोरगी काऊन होता येत नाही?”

नाहीच येत. या खेळात बायका म्हणजे मुख्यतः गव्हर्नरच्या मुली आणि गुत्त्यात दारू वाढणाऱ्या. गव्हर्नरच्या मुलींची तर प्रतवारी आहे : साधी, बरी, देखणी. जितकी देखणी तितका तिच्यासोबतचा नाच अवघड. ती हातानं खूण करते त्या दिशेचा आकडा दाबायचा, ताल चुकला की आपण धडपडतो. दुसऱ्या-तिसऱ्या वेळी मजा वाटते; दहाव्या वेळी वरातीतल्या बँडवाल्यासारखं वाटतं. आणि वाईट याचं की खेळात जॅक रॅकहॅम हा चाचा आहे. 1720 मध्ये तो पकडला गेला तेव्हा त्याच्या जहाजावर अॅन बॉनी आणि मेरी रीड अशा दोन बायका होत्या, चाचेगिरी करणाऱ्या. खेळानं रॅकहॅमला घेतलं आणि त्या दोघींना किनाऱ्यावर ठेवलं. जिजाऊंच्या माहेरी राहणाऱ्या पोरीला हे कसं पटावं?

साल-सनावळीचं तर विचारू नका. 1671 मध्ये पनामा लुटणारा हेन्री मॉर्गन आणि एकोणिसाव्या शतकातला झाँ लाफीत एकाच यादीत नांदतात. विल्यम किडही आहे. पण त्याचं नाव झालं ते आपल्या बाजूच्या समुद्रात ‘क्वेदा मर्चंट’ जहाज धरल्यामुळे, 1698 मध्ये. त्याआधी तीनच वर्षं हेन्री एव्हरीनं औरंगजेबाचं ‘गंज-ए-सवाई’ हे सुरतेला परतणारं जहाज लुटलं होतं. इंग्रज तर कान्होजी आंग्र्यांनाही चाचाच म्हणत, कारण आपल्या समुद्रातून जायचं तर पैसे भरून दस्तक, म्हणजे परवाना, घ्या असं कान्होजी म्हणत. आपल्या या समुद्रावर कुणी असा खेळ केला तर त्यात मी कर वसूल करणाऱ्याच्या बाजूनं उतरेन. असो, 2004 च्या खेळाकडून ही अपेक्षा करणं जास्तच झालं.

कंटाळवाण्या गोष्टी आहेतच. रात्री गावात लपूनछपून शिरायचा प्रकार प्रत्येक गावात तोच, तेच शिपाई, त्याच गवताच्या गंज्या. नायकाच्या कुटुंबाला कर्जापायी कैद झालेली असते. त्यांचा माग काढायला बॅरन रेमोंडो नावाच्या एकाच माणसाला पुन्हा पुन्हा गाठून हरवायचं. तो हरतो, नकाशाचा एक तुकडा देतो आणि पुन्हा मोकळा. भाची म्हणाली, “याला बांधून काऊन ठेवत नाहीत?” मला उत्तर नव्हतं.

पण मला खटकली ती गोष्ट दिवाळीनंतरच्या त्या आठवड्यातच खटकली, चिखलीत कधी खटकली नव्हती. आम्ही एक व्यापारी जहाज धरलं. माल : साखर. दुसरं धरलं, पुन्हा साखर. त्याच सकाळी गल्लीतून ऊसतोडीचा ट्रक गेला होता : वर भांडीकुंडी, पत्रे, दोन शेळ्या, लेकरं. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादमाची उचल घेतलेली, ती फिटेपर्यंत परत फिरायची सोय नाही. माझ्या वर्गातले दोघं दरवर्षी शाळा सोडून असेच जायचे. आणि या खेळाचा जो काळ, नेमक्या त्याच काळात, 1640 नंतर, बार्बाडोसमध्ये आफ्रिकेतून पकडून आणलेल्या गुलामांच्या जिवावर साखर निघू लागली. खेळात बार्बाडोस आहे. साखर आहे, मसाले आहेत, तोफा आहेत. ऊस तोडणारं माणूस मात्र एकही नाही. कर्जात अडकलेलं कुटुंब आहे, ते फक्त नायकाचं.

हे भाचीला सांगितलं नाही. ती तेव्हा वाऱ्याशी झगडत होती. साखर विकायला तिला बार्बाडोसलाच जायचं होतं, नकाशाच्या अगदी पूर्वेच्या टोकाला, पूर्ण वाऱ्याच्या तोंडावर. मी म्हटलं, साखर तिथे कोण विकत घेईल, तिथे तर ती पिकते. तिनं ऐकलं नाही. थोडं उत्तरेला, थोडं दक्षिणेला. खलाशी कुरकुरायला लागले होते, अन्न संपत आलं होतं. खालून बहिणीनं जेवायला दोनदा हाक मारली.

“थांब ना मामा,” ती म्हणाली, “आता जरा वारा फिरलाय.”